आकाशातील दवंडी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाल्यावर एखाद्या उपयुक्त विषयावर व्याख्यान व्हावे, ही आपल्या मंडळाची जुनी प्रथा आहे. यंदा तो मान माझ्याकडे आला, याबद्दल मी चालकांचा मनःपूर्वक आभारी आहे. विषयाची निवड त्यांनी माझ्यावरच सोपविली. समाजसुधारणा, शिक्षण, उद्योगधंदे यांवर माझ्याहून अधिकारी माणसांनी या व्यासपीठावरून आपणांस पुष्कळ सांगितले आहे. मी आज विमानात बसविलेल्या एका लहानशा यंत्राविषयी बोलणार आहे. आपला आणि या यंत्राचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो आपल्या घराच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचलेला आहे.

आज आपल्यापैकी कितीतरी घरांतील मुलेमुली परदेशी आहेत. मुलगा रात्रीच्या विमानाने निघाला की आईवडील मोबाइलवर नकाशा उघडून बसतात. त्या नकाशावर एक चिमुकले विमान सरकत असते. आजीबाईसुद्धा चष्मा सावरून विचारतात, "आता कुठवर गेलं रे?" मग विमान समुद्रावर जाते, आणि एकाएकी ते चित्र थबकते किंवा दिसेनासे होते. घरातल्या सर्वांच्या पोटात गोळा उठतो. ते चित्र कोठून येते, आणि ते थांबले म्हणजे काय समजावयाचे व काय समजावयाचे नाही, हे कळण्यासाठी आजचा विषय जाणून घेतला पाहिजे. शिवाय आपल्या समाजातील काही तरुण-तरुणी आता वैमानिकाचे शिक्षण घेऊ लागले आहेत. हे यंत्र त्यांच्या नित्याच्या वापरातले आहे. ते काय करू शकते आणि काय करू शकत नाही, यावर त्यांचे आणि त्यांच्या पाठीशी बसलेल्या उतारूंचे प्राण अवलंबून राहणार आहेत.

प्रथम अडचण काय होती ते पाहू. विमानविद्येच्या आरंभीच्या काळात विमानांची टक्कर टाळण्याचा उपाय एकच होता: वैमानिकाने डोळे उघडे ठेवावेत, दुसरे विमान दिसताच बाजूला व्हावे. आकाश एवढे अफाट आणि विमाने मूठभर, तेव्हा हा नियम पुरेसा वाटे. पण ३० जून १९५६ रोजी अमेरिकेतील ग्रँड कॅन्यन या प्रचंड दरीवर दोन मोठी उतारू-विमाने सुमारे २१,००० फुटांवर एकमेकांवर आदळली आणि दोन्हींतील मिळून १२८ माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळी दोन्ही विमाने एकमेकांना पाहून टाळण्याच्या जबाबदारीवरच उडत होती. या अपघाताने अमेरिकेतील जनमत हादरले आणि १९५८ साली तेथे हवाई वाहतुकीच्या नियंत्रणासाठी नवा कायदा झाला.

मनुष्याचा डोळा या कामी अपुरा का पडतो, हे समजून घेण्यासारखे आहे. दोन विमाने सरळ मार्गाने खरोखर आदळण्याच्या बेतात असतील, तर वैमानिकाच्या समोरील काचेवर दुसरे विमान सरकताना दिसतच नाही. ते एखाद्या माशीच्या ठिपक्याप्रमाणे एकाच जागी स्थिर असते. आपला डोळा हलणारी वस्तू चटकन टिपतो, स्थिर ठिपक्याकडे त्याचे दुर्लक्ष होते. म्हणजे जे विमान काचेवर सरकते ते बाजूने निघून जाणारे असते, आणि जे सरकत नाही तेच धोक्याचे असते. तो ठिपका बराच वेळ ठिपकाच राहतो आणि अगदी शेवटच्या काही क्षणांत एकदम मोठा होतो. त्यातच खिडकीची चौकट, पंख किंवा शेजारी बसलेला मनुष्य मध्ये आला तर तो ठिपका दिसतही नाही.

वेळेचा हिशेब पाहा. वस्तू दृष्टीस पडणे, ते विमान आहे हे ओळखणे, ते आपल्याच मार्गावर आहे हे उमगणे, काय करावे हे ठरविणे, हातपाय हलणे आणि शेवटी विमानाने वळण घेणे, या सर्वांस मिळून सुमारे १२.५ सेकंद लागतात, असा हिशेब अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याने वैमानिकांच्या माहितीसाठी दिलेला आहे. ताशी ९०० किलोमीटर वेगाची दोन विमाने समोरासमोर आली, तर त्यांच्यामधील अंतर दर सेकंदाला अर्धा किलोमीटर कमी होत जाते. म्हणजे सव्वासहा किलोमीटरांवरून ते विमान दिसले तरच काही उपाय. ढगात, धुक्यात अथवा रात्री हे कसे साधावे?

डोळ्याच्या मदतीला रडार आले. रडार दोन प्रकारचे असते. पहिल्यात जमिनीवरून लहरी सोडतात आणि विमानावर आपटून परत येणारा त्यांचा प्रतिध्वनी टिपतात. त्याने विमान कोठे आहे हे कळते. पण ते कोणते आणि किती उंचीवर, हे कळत नाही. दुसऱ्या प्रकारात जमिनीवरील केंद्र १०३० मेगाहर्ट्झ या लहरीवर विमानाला प्रश्न विचारते, आणि विमानातील ट्रान्सपॉन्डर नावाचे यंत्र १०९० मेगाहर्ट्झवर आपली खूण व उंची सांगणारे उत्तर देते. वर्गात गुरुजींनी हजेरी घ्यावी आणि मुलांनी "हजर" म्हणावे, तसाच हा प्रकार आहे. उंची न कळण्याची किंमत आपल्या देशाने मोजलेली आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे विमान आणि दिल्लीस उतरू पाहणारे कझाकस्तानचे विमान हरियाणातील चरखी दादरी येथे आदळले आणि ३४९ माणसांपैकी एकही वाचले नाही. सौदी विमानाला १४,००० फुटांवर राहण्याची आज्ञा होती, कझाक विमानाला १५,००० फुटांपर्यंतच उतरण्याची. दुसरे विमान आज्ञेपेक्षा खाली आले, आणि दिल्लीच्या त्या वेळच्या रडारवर विमानाची उंची उमटत नसल्यामुळे नियंत्रकाला ते दिसण्याची सोयच नव्हती. त्यानंतर दिल्लीत उंची दाखविणारे रडार आले, आणि मोठ्या विमानांत शेजारच्या विमानाला स्वतःच प्रश्न विचारून टक्कर टाळण्याची सूचना देणारे यंत्रही आपल्या देशात सक्तीचे झाले.

तथापि रडारलाही मर्यादा आहेत. त्याचा मोठा पंखा गरगर फिरत असतो आणि एक फेरा पुरा होण्यास सुमारे ५ ते १२ सेकंद लागतात. दहा सेकंदांत जेट विमान अडीच किलोमीटर पुढे गेलेले असते. रडार उभारण्यास खर्च फार. डोंगराआड ते पाहू शकत नाही, आणि भर समुद्रात ते उभारताच येत नाही. शिवाय हजेरीतील उत्तर गुरुजींनाच कळते. शेजारून उडणाऱ्या लहान विमानाच्या वैमानिकाला त्याचा काहीच उपयोग होत नाही.

या ठिकाणी आपले आजचे यंत्र पुढे येते. पूर्वी गावात वर्दी द्यावयाची झाली म्हणजे दवंडी पिटीत. दवंडीवाला कोणाच्या प्रश्नाची वाट पाहत नसे. तो चौकाचौकात उभा राहून मोठ्याने सांगे, आणि ज्याला कान असतील त्याने ऐकावे. हे नवे यंत्र नेमके तेच करते. विमान आपण होऊन, कोणी विचारो अथवा न विचारो, आपले नाव, ठिकाण, उंची, वेग आणि दिशा अखंड पुकारीत जाते. त्याचे इंग्रजी नाव ऑटोमॅटिक डिपेंडंट सर्व्हेलन्स ब्रॉडकास्ट असे लांबलचक आहे. सर्वजण त्याला एडीएस-बी म्हणतात. या चार शब्दांत त्याचे सर्व मर्म आले आहे. ऑटोमॅटिक, कारण ते वैमानिकाच्या सांगण्याविना चालते. डिपेंडंट म्हणजे परावलंबी, कारण विमान जे सांगेल त्यावरच सर्व भिस्त असते. सर्व्हेलन्स म्हणजे देखरेख हा त्याचा हेतू, आणि ब्रॉडकास्ट म्हणजे सर्वांसाठी केलेला पुकारा. यांतील 'परावलंबी' हा शब्द आपण ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

ही दवंडी दिली जाते कशी? विमानातील ग्राहक उपग्रहांकडून येणाऱ्या संकेतांवरून आपले अक्षांश-रेखांश काढतो. उंची मात्र मुख्यतः हवेच्या दाबावरून घेतली जाते. याचे कारण मोठे मार्मिक आहे. हवामान बदलले की दाबावरून काढलेली उंची थोडी चुकते. पण एकाच भागातील सर्व विमाने एकच प्रमाण-दाब धरून मोजीत असल्यामुळे सर्वांची चूक सारखीच असते, आणि दोन विमानांमधील अंतर बरोबर राहते. ही सर्व माहिती ११२ अंशांच्या एका छोट्या संदेशात बसवितात. अंश म्हणजे तारायंत्राच्या टिंब-रेघेसारखी 'आहे' किंवा 'नाही' एवढीच खूण. त्यांतील २४ अंश म्हणजे विमानाचा कायमचा क्रमांक. तो आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरवून दिलेल्या वाट्यातून प्रत्येक देश आपल्या विमानांना देतो. अशा क्रमांकांची एकूण संख्या १ कोटी ६७ लाखांहून अधिक होते. आणखी २४ अंश संदेश वाटेत बिघडला की नाही, हे ताडून पाहण्यासाठी राखलेले असतात. तो बिघडलेला आढळल्यास ऐकणारे यंत्र तो टाकून देते. पूर्ण संदेश १०९० मेगाहर्ट्झवर एका सेकंदाच्या सुमारे आठ हजाराव्या भागात उच्चारून होतो. ठिकाण सेकंदाला सुमारे दोनदा सांगतात, वेग व दिशा तितक्याच वेळा, आणि उड्डाणाचे नाव सुमारे पाच सेकंदांनी एकदा. दोन विमानांचे पुकारे सतत एकाच क्षणी होऊन एकमेकांत मिसळू नयेत, म्हणून प्रत्येक वेळचे अंतर मुद्दाम किंचित कमीजास्त ठेवलेले असते.

एवढ्या थोड्या अंशांत साऱ्या पृथ्वीवरील ठिकाण कसे मावते, हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनात आला असेल. त्याची युक्ती सुंदर आहे. एका संदेशात पृथ्वीचा उत्तर-दक्षिण घेर ६० पट्ट्यांत विभागलेला मानतात, आणि विमान पट्टीच्या आत कोठे आहे एवढेच सांगतात. पट्टी कोणती ते सांगत नाहीत. दुसऱ्या संदेशात तोच घेर ५९ पट्ट्यांत विभागलेला असतो. दोन्ही संदेश जुळवून पाहिले की दोन्हींत बसणारी पट्टी एकच निघते. पूर्व-पश्चिम दिशेसही हीच तऱ्हा. अशा रीतीने थोड्या अंशांत काही मीटरांपर्यंत नेमके ठिकाण सांगता येते.

दवंडी देणारा असला तरी ऐकणारा हवाच. जमिनीवरील केंद्रे ती ऐकतात आणि नियंत्रकाच्या पडद्यावर उमटवितात. असे केंद्र म्हणजे लहानसा खांब आणि एक पेटी. रडारच्या मानाने त्याचा खर्च पुष्कळच कमी. आपल्या विमानतळ प्राधिकरणानेही देशातील अनेक विमानतळांवर ती बसविली आहेत. दुसऱ्या विमानातील वैमानिकही हीच दवंडी थेट ऐकू शकतो. त्यासाठी त्याच्यापाशी घेणारे व देणारे असे दुहेरी यंत्र असावे लागते. त्यास ट्रान्सीव्हर म्हणतात. पुकाऱ्याच्या भागाला 'आउट' आणि ऐकण्याच्या भागाला 'इन' म्हणण्याचा प्रघात आहे. 'इन' असलेल्या वैमानिकाला आपल्या भोवतालची विमाने पडद्यावर दिसतात, प्रत्येकाच्या शेजारी ते आपल्यापेक्षा किती शे फूट वर अथवा खाली आहे हा आकडा असतो, आणि धोका दिसल्यास यंत्र बोलून इशारा देते. ब्रिटनमध्ये तर लहान विमाने व ग्लायडर यांच्यासाठी खिशात मावतील अशी, सुमारे २० वॅट शक्तीची, बॅटरीवर चालणारी यंत्रे निघाली आहेत, आणि वैमानिकांनी ती घ्यावीत म्हणून तेथील विमानवाहतूक खात्याने २०२० सालापासून खर्चाचा काही भाग सोसण्याची योजना केली.

या विद्येचा पहिला मोठा प्रयोग अलास्कात झाला. त्या बर्फाळ मुलखात रस्ते थोडे, गावे दूरदूर. डाक, किराणा, आजारी माणूस, सर्वांस लहान विमानाचाच आधार. आणि डोंगरांमुळे रडारची नजर तेथे पोहोचत नाही. १९९९ च्या सुमारास अमेरिकेच्या सरकारने 'कॅपस्टोन' या योजनेखाली तेथील विमानांत ही यंत्रे स्वखर्चाने बसविण्यास आरंभ केला. तेथून अनुभव घेत घेत हा प्रकार जगभर गेला. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०१३ पासून उंचावरील विमानांस तो सक्तीचा केला. अमेरिकेने १ जानेवारी २०२० पासून नियंत्रित आकाशाच्या बहुतेक भागांत पुकाऱ्याचे यंत्र सक्तीचे केले, आणि त्याच वर्षी युरोपातही मोठ्या विमानांना तो नियम लागू झाला.

आता आजीबाईंच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. आपण मोबाइलवर पाहतो तो नकाशा बव्हंशी याच दवंडीवर उभा आहे. जगभर हजारो हौशी माणसांनी आपल्या घराच्या गच्चीवर लहान ग्राहक बसविले आहेत. ते ही दवंडी ऐकतात आणि इंटरनेटवरून पुढे पाठवितात. परंतु या लहरी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. म्हणून फार उंचावरील विमानसुद्धा किनाऱ्यापासून सुमारे ४०० किलोमीटर दूर गेले की जमिनीवरच्या ग्राहकाला ऐकू येत नाही. अरबी समुद्रावर चित्र थबकले याचा अर्थ एवढाच, की दवंडी चालू आहे पण त्या ठिकाणी ऐकणारा नाही. २०१९ पासून ६६ उपग्रहांच्या एका मालिकेवर बसविलेले ग्राहक भर समुद्रावरील विमानांचा पुकारा ऐकून नियंत्रकांना कळवू लागले आहेत. मोबाइलवरील चित्र थांबले तरी नियंत्रकाचे लक्ष थांबलेले नसते, हे ध्यानात ठेवून त्या रात्री निश्चिंत झोपावे, अशी माझी माताभगिनींना विनंती आहे.

एवढे ऐकून या यंत्राने आता सर्व प्रश्न सुटला असे कोणास वाटेल. तरुणांनी तसे मुळीच समजू नये. ज्या अलास्कात या यंत्राने बाळसे धरले, तेथेच १३ मे २०१९ रोजी केचिकन गावाजवळ स्वच्छ उजेडात, सुमारे ३,३५० फुटांवर, सहलीच्या उतारूंना घेऊन परतणारी, पाण्यावर उतरणारी दोन विमाने आदळली. एक बीव्हर जातीचे, दुसरे ऑटर जातीचे. सहा माणसे मेली. दोन्ही विमानांत इतर विमाने दाखविणारे पडदे होते! मग हे झाले कसे? अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली. डोळ्यांच्या मर्यादा तर होत्याच. विमानाच्या सांगाड्यामुळेही मोक्याच्या वेळी दुसरे विमान झाकले गेले होते. पण यंत्रांची कथा अधिक बोधप्रद आहे. ऑटरमध्ये पूर्वी जे यंत्र होते ते धोक्याचा इशारा देत असे. त्याच्या जागी सरकारी योजनेतून जे नवे बसविले, त्यात इशाऱ्याची सोयच नव्हती. शिवाय त्या विमानातील एक नियंत्रक बटण बंद राहिले होते. त्यामुळे त्याच्या पुकाऱ्यात दाबावरून काढलेली उंची जातच नव्हती. दवंडीवाला आला, नाव सांगितले, ठिकाण सांगितले, पण उंची सांगितली नाही. आणि उंची न कळल्यामुळे बीव्हरमधील पडद्यालाही इशारा देता येणे शक्य नव्हते. उड्डाणापूर्वीच्या तपासणीच्या यादीत त्या बटणाची नीट नोंद असती आणि ते चालू असते, तर बीव्हरच्या पडद्याला धोका ओळखता आला असता.

दुसरा प्रसंग अधिक अलीकडचा. २९ जानेवारी २०२५ च्या रात्री वॉशिंग्टन येथे पोटोमॅक नदीवर, विमानतळावर उतरणारे उतारू-विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन ६७ माणसांचा अंत झाला. हेलिकॉप्टर रडारच्या प्रश्नाला उत्तर देत होते. पण स्वतः होऊन दवंडी देत नव्हते. उतारू-विमानात दवंडी ऐकून दाखविणारी सोय नव्हती. टक्कर टाळणाऱ्या जुन्या यंत्राने सुमारे २० सेकंद आधी जवळ विमान असल्याची सूचना दिली, परंतु जमिनीजवळ 'वर जा' वा 'खाली जा' अशी आज्ञा ते यंत्र देत नाही; तशी त्याची रचनाच आहे. म्हणजे एकाचा पुकारा नाही आणि दुसऱ्याला कान नाहीत. जगातील सर्वांत श्रीमंत देशाच्या राजधानीत ही स्थिती! सांगणे आणि ऐकणे ही दोन निरनिराळी कर्तव्ये आहेत, आणि त्यांतले एकच पार पाडले तर ते व्यर्थ जाऊ शकते, हे या दोन्ही अपघातांवरून दिसून येते.

आता तो 'परावलंबी' शब्द. विमान जे सांगते ते त्याला उपग्रहांकडून कळलेले असते. उपग्रहांचे संकेत फार क्षीण असतात. जमिनीवरून कोणी त्याच लहरीवर गोंगाट केला तर ते ऐकू येत नाहीत. आणि कोणी तसेच पण खोटे संकेत सोडले, तर विमानाला आपण भलत्याच ठिकाणी आहोत असे वाटते. युद्ध चालू असलेल्या प्रदेशांच्या आसपास गेल्या काही वर्षांत असे प्रकार वारंवार घडू लागले आहेत. अशा वेळी विमान अगदी प्रामाणिकपणे चुकीची दवंडी देते. शिवाय पुकारा करणारा खरोखर तोच आहे याची सही-शिक्क्यासारखी कोणतीही खूण या संदेशात नसते. यावर दोन उपाय ठेवलेले आहेत. एक, प्रत्येक विमान आपल्या ठिकाणाबरोबर ते कितपत खात्रीचे आहे याचाही आकडा पाठविते, आणि तो आकडा खालावला की ऐकणाऱ्याने त्या शब्दावर भरवसा ठेवावयाचा नसतो. दुसरा, शहाण्या देशांनी जुनी रडारे सर्वस्वी मोडीत काढलेली नाहीत. विमान बोलेनासेच झाले तर काय होते, हे ८ मार्च २०१४ रोजी नाहीशा झालेल्या मलेशियाच्या विमानाने जगाला दाखविले. त्यातील २३९ माणसांसह ते कोठे गेले, याचा पुरता उलगडा झालेला नाही.

वैमानिक होऊ इच्छिणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी या सर्वांतून काही साध्या गोष्टी निघतात. उड्डाणापूर्वी यंत्र चालू आहे एवढे पाहून थांबू नका. नाव, ठिकाण आणि उंची ही तिन्ही खरोखर बाहेर जात आहेत याची खात्री करून घ्या. पडद्यावर विमान दिसत नाही म्हणजे आकाशात विमान नाही, असे कदापि समजू नका. ग्लायडर, जुने विमान, ड्रोन आणि पक्षी यांच्यापैकी कितीतरी काही बोलतच नाहीत. अमेरिकेत लहान विमानांसाठी ९७८ मेगाहर्ट्झची वेगळी लहरही आहे. एका लहरीचे यंत्र दुसरीवरचे बोलणे थेट ऐकू शकत नाही. तेथे जमिनीवरील केंद्रे ते दुसऱ्या लहरीवर पुन्हा सांगतात, पण त्या केंद्रांच्या टप्प्यात असाल तरच. खिशातले यंत्र विमानात कोठे ठेवता यालाही महत्त्व आहे. विमानाचे धातूचे अंग किंवा तुमचे स्वतःचे शरीर मध्ये आले तर त्या दिशेचा पुकारा अडतो. काही वेळा आपलेच विमान पडद्यावर परके म्हणून दिसते, तेव्हा घाबरून झोकांडी घेऊ नका. पडदा दिशा दाखवितो, ती पाहून नजर तिकडे वळवा आणि विमान डोळ्यांनी शोधा. डोळा अपुरा आहे हे मी प्रारंभी सांगितले. पण कोठे पाहावयाचे हे कळलेला डोळा पुष्कळ अधिक पाहतो. नुसत्या पडद्यात डोके खुपसून बसलेला वैमानिक मात्र दोन्हीकडून फसतो.

आणि वडीलधाऱ्यांना एक सांगावयाचे आहे. मुलाने वैमानिक व्हावे म्हणून आपण मोठा खर्च करतो, प्रसंगी कर्जही काढतो. त्याला किती तास उड्डाण झाले हे विचारतो, नोकरी केव्हा लागेल हे विचारतो. त्याबरोबर तपासणीची यादी तो रोज पूर्ण वाचतो का, हेही विचारावे. यादी शंभर वेळा वाचून कंटाळा आला तरी एकशे एकाव्या वेळी ती वाचण्याची सवय हा त्याच्या विद्येचा भाग आहे, आणि ती सवय घरापासून लागते. केचिकनचे बटण बंद होते ते यंत्राच्या दोषाने नव्हे. ज्या संस्थेत तो पुढे नोकरीस लागेल तेथे दुहेरी यंत्र आहे की नुसते पुकाऱ्याचे, इशारा देणारे आहे की मुके, हे विचारण्याचे धैर्यही त्याच्या अंगी यावे. असा प्रश्न विचारणारा नवशिका कोणाला उद्धट वाटेल, वाटो. उतारूंच्या जिवाची जबाबदारी अंगावर घेणाऱ्याला तो प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे आणि त्याचे ते कर्तव्यही आहे.

आज ज्या विद्यार्थ्यांचा येथे सत्कार झाला त्यांच्यापैकी कोणी विमान चालवील, कोणी नियंत्रकाच्या खुर्चीत बसेल, कोणी अशी यंत्रे घडवील. खोट्या संकेतांपासून ही दवंडी सुरक्षित कशी ठेवावी, आणि लहानांतल्या लहान विमानालाही परवडेल असे दुहेरी यंत्र कसे करावे, हे प्रश्न अद्याप सुटावयाचे आहेत. त्यांची उत्तरे शोधणाऱ्यांत आपल्या घरांतील नावे असावीत, अशी इच्छा व्यक्त करतो.